लॅरिसाच्या नावची जागा

सकाळचा चहा सेलिन उभ्यानेच पीत असे. एका हातात कप आणि दुसऱ्या हाताने डब्यांची झाकणं लावणं चाले. नवऱ्याच्या, ऑस्करच्या डब्यात चपाती आणि सुकी कोळंबी, लेकीच्या, लॅरिसाच्या डब्यात ती अर्धं परत आणणार असलेलं सँडविच, आणि स्वतःच्या डब्यात उरेल ते. मग ऑस्करला एक हाक, लॅरिसाला हाकांवर हाका, गॅलरीतले कपडे ओढून आत टाकणं आणि लिफ्टमध्ये उतरता उतरता केस बांधणं. खाली शारजाच्या रोल्ला भागातल्या गजबजलेल्या रस्त्यावर कारलिफ्टची पांढरी व्हॅन उभी असे. शारजातून दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्या मंडळींनी महिन्याच्या बोलीवर ठरवलेली ही गाडी रहदारी बरी असली तर तासाभरात जुमेरा लेक टॉवर्सला पोहोचायची. नसली तर, ड्रायव्हर फरदीनच्या भाषेत, इन्शाल्ला.

शेवटच्या रांगेतली खिडकीची जागा सेलिनची. दिवसभरात तिला कुणी हाक मारत नाही अशी तेवढीच वेळ, म्हणून पुस्तक तिथेच उघडायचं. पुस्तक होतं अकरावीच्या रसायनशास्त्राचं, आणि सेलिन अडतिशीची होती.

आरोग्यविम्याच्या एका कंपनीत ती क्लेम तपासत असे. रुग्णाचे कागद वाचायचे, मंजूर किंवा नामंजूर म्हणायचं, फाइल बंद करायची. पण बंद झालेल्या फाइलमधला माणूस तिच्या डोक्यात चालूच राही. खोर फक्कानच्या बंदरावरचा तो क्रेन ऑपरेटर शुद्ध हरपून पडला होता. का पडला? पुढे कामावर चढला का? मंजुरीच्या शिक्क्यात याचं उत्तर नसे. गेल्या वर्षी तिने स्वतःशी कबूल केलं, की आपल्याला डॉक्टर व्हायचं आहे. पदवीधरांना पुढे वैद्यकीय शिक्षण घेता येत होतं. पण तिची पदवी वाणिज्य शाखेची. म्हणजे आधी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. शारजातल्या एका कॉलेजात हे विषय संध्याकाळी शिकवत, मात्र त्यांची उतरंड पक्की होती. रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय रसायन नाही, ते झाल्याशिवाय जीवरसायन नाही, आणि मुळात रसायनशास्त्राला बसायचं तर वर्षातून एकदाच होणारी प्रवेशपरीक्षा द्यायला हवी. ती यंदा हुकली की सगळी उतरंड वर्षभर पुढे ढकलली जाणार होती.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी चाळिशीत गिटार शिकायला घेतली, तेव्हापासून पँट्रीत त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारलेली नव्हती.

"काय गं, केमिस्ट्री?" एका सकाळी शेजारी बसलेली अनुराधा जोगळेकर वाकून म्हणाली. "लॅरिसाचं वाटतं?"

"हं," सेलिन म्हणाली.

"नववीतच? मेडिकलचं डोक्यात आहे का पोरीच्या?"

नाही म्हटलं असतं तर पुढचं वाक्य शोधावं लागलं असतं. हो म्हणून काम भागत होतं.

"हो."

"मग विजयकुमार सरांशिवाय दुसरं नावच नको. माझ्या मिस्टरांचे मावसभाऊ. बॅच फुल असते त्यांची, पण मी बोलते. एकदम फर्स्ट क्लास शिकवतात."

याच सरांना सेलिन महिनाभर फोन करत होती, आणि 'बॅच फुल' एवढंच म्हणून सर फोन ठेवत होते. अनुराधाने व्हॅनमधूनच फोन लावला. टॉवर्सची काच दिसू लागण्याआधी ती म्हणाली, "खलास, झालं काम. शनिवारची बॅच. लॅरिसाच्या नावची जागा ठेवलीय."

"मम्मा, आय डोन्ट इव्हन लाइक केमिस्ट्री," शनिवारी निघताना लॅरिसा म्हणाली.

"एकच शनिवार. तू नुसती बस."

"अँड यू?"

"पहिल्या दिवशी पालकांना मागे बसू देतात."

लॅरिसाने आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "सो यू वॉन्ट टू गो."

"सँडल घाल. उशीर होतोय."

विजयकुमार सरांचा क्लास म्हणजे त्यांचा हॉल. पुढे घडीच्या खुर्च्या, मागे फ्रिज आणि फ्रिजला टेकून पालक. सरांनी नव्या मुलीची पारख तिथल्या तिथे करायची ठरवली.

"मीठ पाण्यात विरघळतं. तेल का नाही विरघळत?"

"बिकॉज ऑइल इज स्टबर्न?" लॅरिसा म्हणाली.

"पाणी पोलर असतं सर, तेल नसतं," फ्रिजपाशी कुणीतरी पुटपुटलं.

"आई, प्रॉम्प्टिंग नको," सर मागे पाहून म्हणाले.

सेलिनने ओठ मिटले. पुढच्या प्रश्नाला ते आपोआप उघडले. त्याच्या पुढच्या प्रश्नाला तिने हात वर केला, तो केस सारखे करत असल्यासारखा खाली घेतला आणि उत्तर मात्र देऊन टाकलं. सरांनी खडू ठेवला.

"मॅडम, मुलं परावलंबी होतात ती अशाने. तुम्ही बाहेर बसा, प्लीज."

उरलेला तास सेलिन जिन्यात, मुलांच्या चपलांशेजारी, दाराला कान लावून बसली. वहीत अर्ध्याअर्ध्या समीकरणांची रांग लागली. दुसरी बाजू सर दाराच्या विरुद्ध दिशेला तोंड करून सांगत होते. सुटल्यावर ते बाहेर आले आणि बजावून गेले, "मुलगी बरी आहे, पण तुमच्या सावलीत वाढायची नाही. पुढच्या शनिवारी एकटीला पाठवा."

जिच्यासाठी इतकी खटपट केली ती जागा आता हाताशी होती, आणि तिच्या आसपास फिरकायला फक्त सेलिनला बंदी होती.

दरम्यान अनुराधाने अभिनंदनासाठी ऑस्करला फोन केला होता. ऑस्कर हॉटेलच्या स्टोअरमध्ये काम करी. भांडारातले तांदूळ मोजताना त्याचे डोळे भरून आले. त्याच भरात त्याने फेलिक्स अंकलना कळवलं. फेलिक्स अंकल वसईकरांच्या प्रार्थनागटाचे प्रमुख. त्यांना एखादी गोष्ट कळली की ती देवालाही कळवण्यात येई. रविवारी चर्चमधल्या मिस्सात 'रुग्णसेवेची हाक ऐकलेल्या आपल्या लॅरिसासाठी' प्रार्थना झाली, आणि बुधवारी तिच्याच घरी गटाची जपमाळेची प्रार्थना ठेवली गेली.

"मम्मा, दिस इज सो नॉट फनी," लॅरिसा म्हणाली.

"मी बघते काहीतरी," सेलिन म्हणाली आणि चणे उकडायला ठेवले.

बुधवारी हॉल भरला. जपमाळ झाली, चणे आणि चहा फिरू लागला. फेलिक्स अंकल लॅरिसासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पँट पोटरीपर्यंत वर केली.

"डॉक्टर, बघ बरं. पाय सुजतात."

"ड्रिंक मोअर वॉटर, अंकल."

"ऐकलंत?" अंकल सगळ्यांना म्हणाले. "आमचा तो डॉक्टर नुसत्या टेस्ट सांगतो. बेटा, प्रेशरची नवी गोळी लागलीय, तेव्हापासून ही सूज. बंद करून टाकू काय?"

लॅरिसाने खांदे उडवले. "इफ यू वॉन्ट."

हॉलमध्ये माना डोलल्या. सेलिनने हातातला ट्रे टीव्हीवरच्या फळीवर जवळजवळ आपटला.

"अंकल, गोळी बंद करायची नाही. दोन्ही पाय सुजतात की एकच? चालताना धाप लागते का? रात्री आडवं पडल्यावर?"

"दोन्ही. धाप नाही लागत."

"उद्या सकाळी क्लिनिकमध्ये जा. गोळी कधी सुरू झाली, सूज कधी आली, दोन्ही सांगा. काय बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर रोजची गोळी रोज. कळलं?"

"कळलं," अंकल नकळत म्हणाले. मग ते कौतुकाने ऑस्करकडे वळले. "बघ, पोरगी शिकतेय आणि आईलापण केवढं कळायला लागलंय."

सगळे हसले. सेलिन कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिच्या एका 'हो'वर विसंबून हा म्हातारा औषध सोडायला निघाला होता. आणि सर्वांसमोर ती बोलली तरी ती कुणाला दिसली नव्हती. इतकी बेमालूम ती मुलीच्या मागे लपली होती. कप धुऊन होईपर्यंत तिचं ठरलं.

शनिवारी सकाळी तिने वही पिशवीत टाकली. ऑस्कर ब्रेड भाजत होता.

"लॅरिसा उठली नाही अजून. क्लास आहे ना?"

"तिला झोपू दे. क्लास माझा आहे. डॉक्टर तिला नाही व्हायचंय, ऑस्कर. मला व्हायचंय."

ब्रेड जळला तरी ऑस्करने तो उलटला नाही. मग त्याने विचारलं, "आणि हे फेलिक्स अंकलना कोण सांगणार?"

"तू. जपमाळेला हो तूच म्हणालास."

"मग ते परत एक ठेवतील."

"ठेवू देत. या वेळी चणे तू उकड."

ऑस्करने तव्यावरचा ब्रेड काढला, काळी बाजू सुरीने खरवडली आणि लोणी लावून तिच्या हातात दिला. "खाऊन जा," तो म्हणाला.

विजयकुमार सरांनी दार उघडलं आणि तिच्या मागे पाहिलं.

"मॅडम, मी एकटीला पाठवा म्हटलं होतं."

"एकटीच आलेय, सर."

सरांनी जिन्यात डोकावून पाहिलं. खुर्च्यांवरची मुलं माना वळवून पाहत होती.

"त्या दिवशीची उत्तरं—"

"माझीच होती. कॉलेजची प्रवेशपरीक्षा मला द्यायचीय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्याकडे वयाची सवलत नाही. न सांगता गैरहजर राहिलं की घरी फोन जातो. पालकांचा नंबर द्या."

सेलिनने लॅरिसाचा नंबर दिला. नंबर खरा आहे का हे सर प्रत्येकाच्या बाबतीत तपासत; त्यांनी लगेच स्पीकरवर फोन लावला. सेलिन क्लासला बसतेय, गैरहजर राहिली तर कळवू, असं त्यांनी सांगितलं, आणि पलीकडून झोपाळलेला आवाज हॉलभर ऐकू आला.

"येस सर, आय नो. यू कॅन बी स्ट्रिक्ट विथ हर."

सरांनी फोन खिशात ठेवला आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. सेलिन बसली.

"सेलिन," सर फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "गेल्या शनिवारचा गृहपाठ?"

तिने वही उघडून पुढे केली.