ताईशी कट्टी

मुलांमध्ये मूल होऊन राहिलं की त्यांची भाषा आपोआप उलगडते, असं संशोधक ताई बालवाडीच्या बाईंना पहिल्याच दिवशी ऐकवून मोकळी झाली. बाईंची अर्धी हयात पोरांची नाकं पुसण्यात गेली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांच्यातली झालात, तर त्यांचे कायदेही पाळावे लागतील हं."

ताई हसली. शुक्रवारी तिचे मार्गदर्शक सर येणार होते. मुलं तिच्यासमोर मोकळेपणी बोलताना दिसली तर प्रबंधाचा विषय पक्का, नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात! पण मुलं तर तिला गुळाला मुंगळ्यांसारखी चिकटली होती. मी मोठी नाही, तुमच्यातलीच, असं तिने त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. तिथेच सगळा घोळ झाला.

बुधवारी कोणीतरी ठोकळ्यांचा बंगला पाडला. बंगला मुकादमचा. मुकादम म्हणजे दोन शेंड्या बांधलेली, वर्गावर हुकूम चालवणारी पाच वर्षांची मुलगी. तिने थेट ताईला साक्षीला बोलावलं. आता निरीक्षकाने भांडणात पडायचं नसतं, हे ताईला तोंडपाठ! "मला नाही माहीत," ती म्हणाली. सकाळपासून डोळे फाडून बघत बसलेल्या ताईला माहीत नाही? खोटारडी! मुकादमने तिच्याशी कट्टी घेतली, म्हणजे निम्म्या वर्गाने घेतली.

गुरुवारी ताईचा धीर सुटला. शास्त्र गेलं खड्ड्यात, असं म्हणत तिने खरं सांगून टाकलं. बंगला पैलवानाने पाडला होता. पैलवान हा वर्गातला सगळ्यात किडकिडीत पोरगा, पण उरलेला निम्मा वर्ग त्याच्या बाजूचा. झालं! चुगलीखोर म्हणून त्यांनीही कट्टी घेतली, आणि मुकादम नि पैलवान गळ्यात गळे घालून नवा बंगला बांधायला बसले. ताईला अक्षरशः रडू आलं.

शुक्रवारी सर आले, गुडघे धरत सतरंजीवर टेकले आणि पाच मिनिटांत बंगल्याचे वॉचमन झाले. पोरांची नुसती टकळी सुरू होती, सर खुशीत मान डोलवत होते. ताई जरा जवळ सरकली, की सगळे चिडीचूप. शेवटी न राहवून तिने विचारलं, "सर, माझा विषय राहील ना?"

सरांनी मुकादमकडे बघितलं. मुकादमने नकारार्थी मान हलवली. सर बालवाडीच्या बाईंकडे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, हिला सांगा, बट्टी झाली की मग विचार. सध्या आमची हिच्याशी कट्टी आहे."