मिस्त्रींचा अंगठा

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला शब्द ऐकू येतात, पण हसू अर्ध्या वाटेतच सांडतं. गोष्ट फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींची आहे. मिस्त्री ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतात, त्यामुळे त्यात त्यांची जेवढी फजिती आहे तेवढी त्यांनीच हौसेनं घातलेली आहे. आपण पदरचं काही घालायची गरज नाही.

तर त्या दिवशी सकाळी दहा वाजता मिस्त्री खालच्या मजल्यावरच्या सलूनमध्ये गळ्याभोवती कापड बांधून बसले होते आणि मांडीवर टॅबलेट होता. टॅबलेट म्हणजे गोळी नव्हे. परगावी राहणाऱ्या मुलानं दीड वर्षापूर्वी घेऊन दिलेलं ते पाटीएवढं यंत्र. अकरा वाजता नातीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. लांबच्या आजी-आजोबांसाठी शाळेनं लिंक पाठवली होती. ती उघडली की हे सगळे तिथल्या मोठ्या पडद्यावर आपापल्या चौकोनात दिसणार, आणि प्रत्येक पोरानं गाण्याआधी आपले आजी-आजोबा बोटानं दाखवायचे.

गेल्या वर्षी मिस्त्रींना ती लिंक सापडेपर्यंत कार्यक्रम संपला होता. सहा वर्षांच्या नातीनं काळ्या चौकोनाकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "हे माझे आजोबा. ते अजून लागले नाहीत." जणू आजोबा म्हणजे ट्यूबलाइट. सगळं सभागृह हसलं, आणि पोरगी गाणं न म्हणताच खाली उतरली. यंदा तिनं बजावलं होतं, "आजोबा, तुम्ही लागलात तरच मी गाणार."

"मग मिस्त्री, हे उघडतं कशावर? चेहऱ्यावर का बोटावर?" सलूनवाल्यानं वस्तरा पुसत विचारलं.

"दोन्ही घालून दिलंय पोरानं. पण खरं काम अंगठ्याचं."

"छे! चेहराच बरा. समोर धरलं की उघडलं."

"चेहऱ्याचा काय भरवसा? आज हसरा, उद्या सुजलेला. अंगठा कसा, जन्माला आलो तसाच. तो मरेपर्यंत तोच."

"आणि फरशी घासून घासून झिजला तर?"

"अरे, फरशी झिजते. मिस्त्री झिजत नाही!"

हे वाक्य मिस्त्रींना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. त्या भरात त्यांना आठवलं, की नात त्यांच्या मिशीला भिते. पडद्यावर मिशी तर आणखीच मोठी दिसते म्हणे, झाडूसारखी.

"काढून टाक मिशी," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, तीस वर्षांची मिशी आहे. त्या यंत्रानं ओळखलं नाही तर?"

"माझा अंगठा आहे ना! काढ."

सलूनवाल्यानं काढली.

घरी येऊन मिस्त्रींनी टॅबलेट तोंडासमोर धरला. यंत्रानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कळवलं, की चेहरा ओळखता आला नाही. मिस्त्री हसले. त्यांनी अंगठा टेकवला. अंगठाही ओळखता आला नाही. डावा टेकवला, मग तर्जनी, मग एकेक करून दहाही बोटं. यंत्र म्हणालं, तीस सेकंद थांबा.

पूर्वी मिस्त्री गात गात प्रवचन सांगणाऱ्या बुवांना ऐकायला न चुकता जायचे. बुवा टाळी वाजवून समोरच्याला विचारायचे, "बाबा रे, तू कोण?" आणि मिस्त्री मान डोलवायचे, जणू उत्तर खिशात आहे. आता तोच प्रश्न एक पाटी विचारत होती आणि खिशात फक्त माप घ्यायचा गज होता.

तसं यंत्र याआधीही कधीमधी रुसायचं. अंधार असला, चष्मा नसला, की उघडायचं नाही. पण त्यावर मिस्त्रींचा ठरलेला उपाय होता. ते हाक मारायचे, "अगं, काच मळलीय, जरा पुसून दे गं." बायको रुमालानं पुसून द्यायची आणि यंत्र उघडलेलं परत यायचं. मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, धुळीचं काम आहे आपलं, काच मळते.

पण बायको नवा चष्मा आणायला गेली होती. नात नीट दिसावी म्हणून. जाताना म्हणाली होती, "अहो, मी येईपर्यंत काही उचापत करू नका." मिस्त्रींनी तिला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. मुलाला लावला. त्यानं उचलला नाही, नातीच्या शाळेत फोनचा आवाज बंद करून बसला असणार. मग त्यांनी बाहीनं काच खसाखसा पुसली. यंत्र ढिम्म.

राहिला यंत्र उघडायचा सहा आकडी नंबर. तो मात्र मिस्त्रींनी लिहून ठेवला होता. मिस्त्रींना कागदावर लिहायची सवय नाही. मापं असोत, पत्ते असोत, ते उरलेल्या फरशीच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहितात. कागद उडतो, फरशी उडत नाही. नंबर त्यांनी एका निळ्या फरशीच्या पाठीवर लिहिला होता, आणि ती फरशी...

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या न्हाणीघरात शेवटी एक निळी फरशी कमी पडली होती. मिस्त्रींनी घरातून एक आणून बसवली होती. "बघा बाई, मिस्त्री अडून राहत नाही," असंही वर म्हटलं होतं.

साडेदहा झाले होते. मिस्त्री आधी धावले सलूनमध्ये.

"मिशी दे!"

"कोणती?"

"माझी! मघाशी काढलेली!"

सलूनवाल्यानं कोपऱ्यातला केसांचा ढीग उकरला. "ही घ्या."

"ही भुरी आहे."

"मग ती वकीलसाहेबांची. ही बघा, ही तुमची. ह्यात सिमेंट आहे."

दोघांनी मिळून ती चिकटपट्टीवर ओळीनं मांडली आणि मिस्त्रींच्या ओठावर दाबली. ती एका बाजूनं वर गेली, एका बाजूनं खाली. यंत्रासमोर चेहरा धरला. यंत्र म्हणालं, चेहरा ओळखता आला नाही.

"मला पण नाही ओळखता येत," सलूनवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "तरी मी म्हणत होतो, की..."

"तू गप. छिन्नी-हातोडा घेऊन ये माझ्या घरातून. वर चल."

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तर समोर वाकड्या मिशीचा एक माणूस, काखेत टॅबलेट, आणि त्याच्यामागे हातोडा घेतलेला सलूनवाला.

"कोण हवंय आपल्याला?"

"बाई, मी मिस्त्री!"

"अगंबाई, काय झालं तोंडाला? दात का?"

"दात नाही, फरशी काढायचीय. तुमच्या न्हाणीघरातली. तिच्या पाठीवर माझा नंबर आहे."

"तुमचा फोन नंबर आहे माझ्याकडे, मिस्त्री!"

सगळं समजावून सांगेपर्यंत दहा पन्नास झाले. डॉक्टरीणबाई सज्जन. त्या म्हणाल्या, "नातीचं गाणं आहे तर काढा. पण एकच." मिस्त्री न्हाणीघरात उकिडवे बसले. भिंतीवर चोवीस निळ्या फरशा, त्यातली घरची कोणती ते आता सांगता येईना. त्यांनी बोटाच्या पेरानं एकेक ठोकून पाहिली. पोकळ आवाज कुठेच नाही. कडेला छिन्नी लावावी तर फट नाही. आयुष्यभर मिस्त्री सांगत आले होते, की मी बसवलेली फरशी हलली तर नाव बदलीन. आता एखादी तरी हलावी म्हणून ते देवाला हात जोडत होते.

"कोणत्या गाढवानं इतकी पक्की बसवलीय!" ते कळवळून म्हणाले.

"तुम्हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी हातोडा उचलला तेवढ्यात दारातून आवाज आला, "अहो! हे काय चाललंय?" नवा चष्मा लावलेली बायको त्यांचा आवाज ऐकून वर आली होती आणि दम खात उभी होती. तिनं आधी फरशांकडे पाहिलं, मग मिशीकडे, मग फार वेळ मिशीकडेच.

"अगं, उघडत नाही गं हे. पोरगी पुन्हा न गाता खाली उतरेल." मिस्त्रींनी टॅबलेट पुढे केला. "ती म्हणेल आजोबा लागलेच नाहीत."

"आणा इकडे." तिनं टॅबलेट घेतला, पाठ वळवली, रुमालानं काच पुसली आणि परत दिला. टॅबलेट उघडलेला होता.

अकराला दोन मिनिटं कमी. आता खाली घरी जाण्यात वेळ कशाला घालवायचा, म्हणून सगळे तिथेच न्हाणीघरात दाटीवाटीनं बसले. लिंक उघडली. तिकडे सभागृह दिसलं, मंचावर दोन वेण्यांची नात दिसली. शाळेतल्या बाईंचा आवाज आला, "दाखव बघू, तुझे आजी-आजोबा कुठले?"

नातीनं पडद्याकडे पाहिलं. मागे निळ्या फरशा, त्यापुढे एक सलूनवाला, एक पांढऱ्या कोटातल्या बाई, नव्या चष्म्याची एक आजी, आणि मधोमध ओठावर एका टोकानं लोंबणारी मिशी घेतलेला एक म्हातारा. त्यानं घाईनं ती मिशी ओढून काढली. त्यामुळे तर प्रकरण आणखीच बिघडलं.

"आजी आहे," नात म्हणाली. "पण ते कोण आहेत?"

मिस्त्रींनी बोटानं स्वतःची छाती दाखवली, तरी नात तशीच बघत राहिली. यंत्रानं ओळखलं नाही त्याचं काही नव्हतं हो! पण हे...

काय करावं न कळून त्यांनी हात मागे नेला आणि पेरांनी फरशीवर ठेका धरला. टक टक, टकटक टक. काम करताना, जेवणाआधी, नातीला झोपवताना, जिथे टणक काही सापडेल तिथे ते वाजवायचे तोच ठेका. फरशी पक्की होती, आवाज स्वच्छ उठला.

नातीचे डोळे मोठे झाले. "आजोबा! लागले, लागले! माझे आजोबा लागले!"

आणि ती गायली. मिस्त्री ठेका देत राहिले, शेवटच्या कडव्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंचा पहिला पेशंट बाहेर ताटकळत होता, तोही दाराशी येऊन टाळ्या वाजवून गेला.

जिना उतरताना मिस्त्री म्हणाले, "काही म्हण, काच मळलेलीच होती."

बायको दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "अहो, पोरगा हे लावून देत होता तेव्हा तुमचा अंगठा दहा वेळा घेतला. उमटेना. रेषाच उरल्या नाहीत तुमच्या बोटांवर. तुम्ही दारात वाळूवाल्याशी भांडायला गेलात, तेव्हा त्यानं माझा घेतला. म्हणाला, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

मिस्त्री जागच्या जागी थांबले. "म्हणजे दीड वर्ष..."

"दीड वर्ष पुसतेय."

मिस्त्री स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तो गुळगुळीत होता, एखाद्या चांगल्या बसवलेल्या फरशीसारखा. मग त्यांनी टॅबलेट बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुझ्याकडेच ठेव. मला लागला की मी मागून घेईन." त्यानंतर सलूनवाल्याला जाऊन सांगितलं, "तुझं चुकलं, माझंही चुकलं. यंत्र चेहऱ्यावर उघडत नाही आणि बोटावर पण नाही. रुमालावर उघडतं."

तर मंडळी, मिस्त्री विसरलात तरी चालेल, ते स्वतःची आठवण स्वतःच करून देतात. तो नंबर अजून डॉक्टरीणबाईंच्या भिंतीत आहे, तोही विसरा. पण उद्या तुमचं एखादं अडलेलं काम कुणाच्या हातात जाऊन सहज सुटून परत आलं, तर त्या रुमालवालीची एकदा आठवण काढा.