नानांच्या गाडीचं झाकण

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी नानांचा फोन आला. "ताई, वाईट बातमी शे. शिरपूरना ॲश ट्रे गया."

मी चहाचा कप खाली ठेवला. शिरपूरचा ॲश ट्रे म्हणजे एक सज्जन निवृत्त मुख्याध्यापक. नानांच्या गाडीचा ॲश ट्रे त्यांच्याकडून आला, एवढाच त्यांचा अपराध. नाना माणसं अशीच लक्षात ठेवतात. अमळनेरला दोन सनशेड राहतात. सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलत नाहीत. पारोळ्याला डावं हँडल आहे. एकदा भर बाजारात नानांनी एका बाईंशी माझी ओळख करून दिली, "ही आपल्या छताच्या दिव्याची सून." बाईंनी बिचाऱ्यांनी हात जोडले.

भास्करनाना जळगावात आमच्या शेजारी राहतात. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर सुपरवायझर होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा संजय, सून, नात मयूरी, आणि दारात आकाशी रंगाची जुनी अँबॅसिडर. ही गाडी नानांनी धुळ्याच्या एका गॅरेजला रंगवायला दिली होती. मालक 'आज देतो, उद्या देतो' करत राहिला आणि शेवटी गॅरेज बंद करून गेला. गाडी घरी आली ती बाहेरून नवरीसारखी आणि आतून पडक्या शाळेसारखी. स्क्रू फिरवून निघेल असं जे जे काही आत होतं, ते सगळं नाहीसं झालं होतं.

मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे नाना माझ्याकडे आले. मी तक्ता केला, फोटो काढले, मापं घेतली. नवे भाग मागवून मोकळं व्हावं असा माझा साधा विचार होता. पहिलं पार्सल उघडून नानांनी ते फायबरचं झाकण बोटाने वाजवून पाहिलं. "हाई गाडीनं नही, फ्रीजनं झाकन शे." पार्सल परत गेलं.

नानांची स्वतःची पद्धत वेगळी होती. ते म्हणत, "जुनी गाडी जिवंत माणसाकडे सापडत नाही, तो ती विकून टाकतो. ती सापडते गेलेल्या माणसाच्या खळ्यात." म्हणून नाना पेपर निधनाच्या बातम्यांपासून वाचायला घेत. गेलेला माणूस वयस्कर आणि थोडा खातापिता वाटला, की नाना टोपी घालून निघाले दारावर.

आमच्या खानदेशात कोणी गेलं, की त्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. अंगणात सतरंजी असते. जाऊन बसायचं, फारसं बोलायचं नाही, आणि उठताना 'येतो' तर अजिबात म्हणायचं नाही, कारण अशा कामासाठी त्या घरी पुन्हा येणं कोणालाच नको असतं. असोद्याला नानांना खळ्यात ताडपत्रीखाली गाडीचं नाक दिसलं. आनंद आवरून ते गप्प बसले खरे, पण उठताना भान सुटलं. "बरं शे. मी परत येस. पाना लई येस."

सतरंजीवरचे सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "परत कोनासाठे येतस, भाऊ?"

तिथलं हँडल मात्र मिळालं. हळूहळू बठ्ठं, म्हणजे सगळंच, मिळालं. राहिलं फक्त डाव्या सीटसमोरच्या खणाचं झाकण.

तेवढ्यात मयूरीचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा. नात आपल्याच गाडीतून सासरी जाईल, हे नानांनी ती शाळेत असल्यापासून जाहीर केलेलं. पण "अपुरी गाडीमा पोर धाडाव नही" हेही त्यांचंच. संजय वैतागला. "नाना, नवरदेव पोरगी पाहून हो म्हणाला, डॅशबोर्ड पाहून नाही." नाना ऐकेनात. मग संजयने फुलं लावलेली पांढरी गाडी सांगून ठेवली. झाकण मिळालं तर ती रद्द करायची, असं ठरलं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा सोनगीरची बातमी आली. मी माझ्या गाडीतून नानांना घेऊन गेले. पुठ्ठ्यावर खणाचं माप कापून बरोबर घेतलं होतं. सतरंजीवर बसून झालं. मग गेलेल्यांच्या पत्नी, अक्का, स्वतःच नानांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच का ते गाडीवाले? चला, दखी ल्या." नानांची कीर्ती आमच्या आधी पोहोचली होती.

गाडी गोठ्याशेजारी उभी होती. चाकं बसली होती, पण झाकण जागेवर होतं. मी पुठ्ठा लावून पाहिला. रेषेला रेष जुळली. नानांनी पेचकसाने स्क्रू काढले, झाकण हातात घेतलं आणि उलटं केलं.

आतल्या बाजूला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, मरून, एक हिरवी, काही खड्यांच्या. काहींची नुसती डिंकाची खूण उरलेली.

"अरे माय," अक्का म्हणाल्या. "घाम ये ना मंग. पडी जाई म्हनीसन तठे लावू. हाई मना विसरमाच गयं." त्या हसल्या, आणि मग त्यांनी पदर कपाळावर पुढे ओढून घेतला. "लई जा भाऊ. गाडी आते भंगारमाच जाई."

नानांनी झाकण परत जागेवर धरलं आणि एकेक स्क्रू पिळायला घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बसाव नही. मॉडेल येगळं शे."

"अहो, आत्ताच मी..."

"ताई. बसाव नही."

शेवटचा स्क्रू आवळून ते अक्कांना म्हणाले, "गाडी भंगारमा गयी त जाऊ दे. झाकन तेवढं काढी ठेवजो."

परतताना महामार्गावर नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमनी गाडीमाबी व्हत्यात तश्या, काकून्या. गॅरेजवालाले काय म्हाईत. पुसीसन टाकी दिन्ह्यात व्हतीन."

मी गाडी चालवत राहिले.

मयूरी पांढऱ्या गाडीतून सासरी गेली. तिने दोनदा विचारलं, "नाना, निळी नाही का?" नाना म्हणाले, "तुन्ही मांगे शे." आणि खरंच, ते आकाशी अँबॅसिडर घेऊन तिच्या मागे धुळ्याला निघाले. संजय नवरीच्या गाडीत होता, तेव्हा नानांसोबत मी जायचं ठरलं. मी पुढचं डावं दार उघडलं. नानांनी माझ्याकडे न बघताच किल्ली फिरवली.

"ताई, तू मागे बस. पुढे खन उघडा शे ना."