मास्तराची चौकशी

नीरजा आईला बुक क्लबला घेऊन गेली ती काही साहित्यप्रेमाने नाही. तिथे चर्चेला असलेल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबरीतली नायिका जमीनदाराचं स्थळ नाकारते आणि गरीब शाळामास्तराशी लग्न करते. हे ऐकून आई, म्हणजे मंदाकिनीबाई, जरा विरघळल्या, की ब्रायनशी जमल्याचं सांगून टाकायचं, असा तिचा बेत होता. ब्रायन कॅनडातल्या, ऑन्टारिओमधल्या लंडन शहराच्या लायब्ररीत कामाला होता आणि क्लबही तोच चालवायचा. नागपूरहून आलेल्या मंदाकिनीबाईंनी मात्र सोबत जयदीपचं स्थळ आणलं होतं. स्वतःचं घर, दोन गाड्या.

गोष्ट नीरजाने घरीच सांगून ठेवली होती. चर्चा सुरू होताच मंदाकिनीबाईंनी हात वर केला.

"विचार गं यांना, मास्तराचं स्वतःचं घर आहे का?"

नीरजाने नाइलाजाने भाषांतर केलं. रुथ नावाच्या आजी खुर्चीत पुढे सरकल्या. इतकी वर्षं कादंबऱ्या वाचून हा प्रश्न त्यांना कधी सुचला नव्हता.

"नो, बेसमेंट रेंट करतो," ब्रायन म्हणाला.

"घरी कोण कोण?"

"मदर. डॅड लवकर गेले."

रुथआजींनी पानं उलटली. "पण मास्तर तर अनाथ आहे ना?"

ब्रायनचे कान लाल झाले. नीरजा छताकडे बघू लागली.

"स्वयंपाक येतो का?"

"शिकतोय," ब्रायन पुटपुटला. रुथआजींनी पुस्तक मिटलं आणि चष्मा लावून ब्रायनकडेच बघत बसल्या.

 परतताना गाडीत नीरजानेच धीर केला.

"आई, कशी वाटली कादंबरी?"

"बरी आहे. पण सगळे त्या पोरीलाच जोखतात. मास्तराला कोणी काही विचारत नाही." मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "रोज सकाळी आपल्या दारातला बर्फ फावड्याने काढून जातो, तो हाच ना? मी चहा घेत असते, तेव्हा दिसतो मला."

नीरजाने मान डोलावली.

"रविवारी बोलाव त्याला. पोह्यांना."

"मी करते पोहे," नीरजा घाईघाईने म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"तू कशाला? तो शिकतोय ना, करू दे त्याला. तू समोर बस आणि काय विचारायचं ते विचार. मला बघायला आले होते, तेव्हा ट्रे माझ्या हातात होता. एक प्रश्न विचारू दिला नाही कोणी."