अरुंधतीचा बदलीचा अर्ज

आंबेदऱ्याच्या आकाशातल्या अरुंधतीने बदलीसाठी अर्ज केला. पाडव्यानंतरच्या सोमवारी तो ग्रामपंचायतीत आला आणि ग्रामसेवक म्हणून मीच आवक नोंदवहीत चढवला.

कारण स्पष्ट होतं. गावात काळोख उत्तम, पण वर कोणी बघत नाही. लग्न लागलं की त्र्यंबक गुरुजी नवरानवरीला अरुंधती दाखवतात, तीही भर दुपारी. बोट वर करून विचारतात, "दिसली?" पंगत खोळंबलेली असते, म्हणून दोघंही "दिसली" म्हणून मोकळे होतात. अशा तीनशे सहा खोट्या हजेऱ्या तिच्या नावावर होत्या.

"दाखवायचं काम माझं," गुरुजी म्हणाले. "दिसायचं त्यांचं."

शिवाय पती-पत्नी एकत्रीकरणाच्या नियमाने शेजारचा वसिष्ठही जाणार होता. उरलेल्या सहांना सप्तर्षी म्हणता येईल का, असं मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही.

अर्ज मागे घ्यायला तिने एकच अट घातली होती. गावात लग्न लागलेल्या एका तरी जोडप्याने सलग चाळीस संध्याकाळी तिला बघावं. नवऱ्याने विचारायचं, बायकोने सांगायचं, मी लिहायचं.

पहिल्या दिवशी शाळेच्या पटांगणात छत्तीस जोडपी आली. भेळवालाही आला. तिसऱ्या दिवशी नऊ उरली. आठव्या दिवशी फक्त कोंडाजी आवारी आणि ठकूबाई.

ही दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. जेवायला वाढलंय हे ठकूबाई म्हशीला सांगायची आणि कोंडाजी पाटावर येऊन बसायचा.

"रोज कशाला येता?" मी विचारलं.

"लग्नात खोटं बोलले मी, भाऊसाहेब," ठकूबाई म्हणाली. "तिला जाऊ द्यायची नाही मला."

घोंगडी मात्र रोज कोंडाजीच आणायचा.

"दिसली का?"

"दिसली."

बाराव्या दिवशी कोंडाजीने पदरचा प्रश्न घातला. "ती त्याच्याभोवती फिरती, का तो तिच्याभोवती?"

"बघू की. घाई काय हाय?"

नियमात असा रकाना नव्हता, तरी मी लिहून घेतलं. पुढे पुढे माझी वही मिटायची आणि ती दोघं बसूनच राहायची.

चाळिसाव्या संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलं. गाव मात्र झाडून हजर होतं.

"दिसली म्हणा," गुरुजी हळूच म्हणाले. "ढगाआड आहेच की ती."

कोंडाजीने विचारलं. ठकूबाई बराच वेळ मान वर करून बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

"न्हाई दिसली," ती म्हणाली.

गर्दीत कोणीतरी चुकचुकलं. मी तसंच लिहिलं. मलाही वाईट वाटलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'न दिसल्याची पहिली खरी नोंद आंबेदऱ्यातून मिळाली. बदलीचा अर्ज मागे घेत आहे.'

ते घेऊन मी संध्याकाळी कोंडाजीच्या घरी गेलो, तर दाराला कडी. दोघं पटांगणात घोंगडीवर बसली होती. मी समोर उभा राहून पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरं झालं," कोंडाजी म्हणाला. "आता जरा बाजूला व्हा, भाऊसाहेब. हिला दिसत न्हाई."