पाचवी फेरी

"सकाळी किती वाजता उठतोस?" घरमालकांनी विचारलं.

घरमालक आरामखुर्चीत होते आणि विद्यार्थी स्टुलावर. स्टूल डुगडुगत होतं. येणाऱ्याचा आत्मविश्वास हलावा म्हणून ते मुद्दामच ठेवलं असावं. आतापर्यंत आठ घरमालकांनी त्याला नापास केलं होतं. एकाला दिवा न लावता अभ्यास करणारा मुलगा हवा होता. एका बाईंनी त्याचे केस ओढून पाहिले होते, गळणारे केस मोरीत अडकतात म्हणून. कॉलेजात शिरायला त्याला एकच परीक्षा द्यावी लागली, पण या शहरात पाठ टेकायची तर रोज तोंडी परीक्षा होती. त्यात उद्यापर्यंत राहण्याचा पत्ता दिला नाही, तर प्रवेशच रद्द होणार होता.

त्यामुळे जन्मात आठच्या आत डोळा न उघडलेला तो मुलगा म्हणाला, "पाचला, काका."

"पाचला?" घरमालकांचा चेहरा जरा उतरला. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे एक नजर टाकून ते घाईघाईने म्हणाले, "वा! मीही पाचलाच. बागेत जातो फिरायला. चार फेऱ्या मारतो, चार!"

"मीपण फिरतो, काका. गावी पाच फेऱ्या मारायचो."

ही पाचवी फेरी नडली.

"मग ठरलं," घरमालकीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून दोघं बरोबरच जा."

जाहिरातीत खोलीला हवेशीर म्हटलं होतं आणि ते खरं होतं, कारण खिडकीला एक काच नव्हती. कपाटाच्या अर्ध्या भागात घरमालकांच्या ऑफिसातल्या जुन्या फायली होत्या, त्यांना हात लावायचा नव्हता. उरलेल्या अर्ध्या भागाचं दार उघडत नव्हतं. तरीही विद्यार्थ्याला ती खोली महालासारखी वाटली. पहाटे पाचला दार वाजेपर्यंत वाटली.

दारात कानटोपी घालून घरमालक उभे होते. पायांत पांढरेशुभ्र बूट, आणि एका बुटाला दुकानातली चिठ्ठी अजून लोंबत होती. विद्यार्थ्याला ती दिसली नाही, कारण त्याचे डोळे उघडले नव्हते.

बागेत चार फेऱ्या झाल्या. "दमलास?" घरमालकांनी धापा टाकत विचारलं.

"छे! तुम्ही?"

"छे, छे!"

म्हाताऱ्याला पोरासमोर हरायचं नव्हतं आणि पोराला खोली सोडायची नव्हती. चाराच्या पाच झाल्या, पाचाच्या सहा, सहाच्या सात. आठवड्याभरात घरमालक गार पाण्याने आंघोळ करतो म्हणाले. विद्यार्थीही म्हणाला, "मला तर गरम पाणी सोसतच नाही." त्या दिवसापासून सकाळी दोघांच्याही किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या. ती स्तोत्रं आहेत, असं दोघंही सांगत.

तिकडे नऊच्या तासाला विद्यार्थी बसल्या बसल्या मान टाकू लागला. वर्गाने त्याचं नाव उशी ठेवलं. दुसऱ्या महिन्यातल्या चाचणीत त्याने पहिलं उत्तर सुरू केलं आणि पेन रेघ ओढत पानाच्या तळाशी घसरलं. पंचवीसपैकी चार मार्क पडले.

"ही रेघ कशाची?" प्राध्यापकांनी विचारलं.

"झोपेची, सर."

"सहामाहीलाही हेच केलंस, तर वर्ष गेलं म्हणून समज."

विद्यार्थी घाबरला. गावी आई शेजारपाजारी पोराच्या कॉलेजचं नाव सांगत फिरत होती. खोली गेली तर गेली, असं ठरवून तो संध्याकाळी पुन्हा त्याच स्टुलावर येऊन बसला.

"काका, मी खोटं बोललो. मी आठला उठतो. तेही कुणी गदागदा हलवलं तर."

घरमालकांनी उठून हळूच दार लोटलं.

"गाढवा!" ते कुजबुजले. "मग सात म्हणायला काय झालं होतं तुला? निवृत्त झाल्यापासून साडेआठपर्यंत लोळत होतो रे मी! गुडघे बघ माझे, सुजून दुधी झालेत दुधी!"

"पण काका, तुम्हीच म्हणालात ना, मीही पाचलाच?"

"मग काय, कालचं पोर माझ्याआधी उठतं, हे हिच्यासमोर ऐकून घेऊ?"

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेवढ्यात लोटलेलं दार उघडलं.

"झालं हसून?" घरमालकीणबाईंनी विचारलं. "आता माझं ऐका. हे निवृत्त झाले आणि चोवीस तास माझ्या मागे. गॅस मोठा का ठेवलास, दार का वाजवलंस, साखर किती घातलीस! दोन महिने झाले, पाच ते सात हे घर माझं असतं. मी खिडकीत बसते आणि अख्खा कप चहा गरम असताना पिते. किती वाजता उठतोस, हा प्रश्न यांना मीच लिहून दिला होता. आठ म्हणणारी तीन पोरं परत पाठवली मी."

"पण काकू, माझी परीक्षा..."

"दे की. खोलीसाठी पाचला उठणारे आणखी दोघे यादीत आहेत."

"आणि मी?" घरमालकांनी आशेने विचारलं.

"तुमच्यासाठी यादी नाही हो, म्हणून तर चालवून घेते."

दुसऱ्या दिवशी पाचला दोघं ताठ मानेने घराबाहेर पडले. कोपरा वळल्यावर घरमालकांनी विद्यार्थ्याचा दंड धरला. "झुडपांमागे बाक आहेत. पावणेदोन तास झोप मिळेल. परीक्षेला पुरेल?"

"पुरेल, काका."

झुडपांमागे पाच बाक होते. चार भरलेले होते. प्रत्येकावर एक कानटोपीवाले आजोबा आणि एक पोरगा, दोघांच्या पायांत स्वच्छ पांढरे बूट आणि माना एकमेकांच्या खांद्यावर. पाचव्यावर एक गृहस्थ एकटेच लवंडले होते. त्यांनी एक डोळा उघडला आणि सरकून जागा केली.

"या. माझा भाडेकरू सुट्टीवर गेलाय. घरी किती फेऱ्या सांगता?"

"सात," घरमालक अभिमानाने म्हणाले.

"अच्छा, म्हणजे ते तुम्हीच!" गृहस्थ डोळा मिटत म्हणाले. "आम्ही सगळे चारच सांगतो हो. आमच्या बायकांनी तुमचं उदाहरण द्यायला सुरुवात केलीय."