साळवे सिस्टरांचे जंबिये

साळवे सिस्टर कुठल्याही लग्नात गेल्या की नवरीकडे बघत नाहीत, नवरदेवाकडेही नाही. नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार असते ना, तिच्याकडे बघतात. कट्यार सरळ असली तर "चला" म्हणून पाठ फिरवतात. वाकडी असली तर थेट स्टेजवर. एकदा भिंगारमध्ये मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी ते लिंबू उपटून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. भटजी थांबले. "आंबट लागलं की पोलाद कुजतं," सिस्टर त्यांना म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. माझं गाव भंडाऱ्याकडे. आठवीत शाळा सुटली, फिरत फिरत इथल्या बेकरीत भट्टीवर लागलो. नगरमध्ये माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं आणि एकट्या पोराला खोली कुणी देत नव्हतं. सिस्टरांनी डिपॉझिटही मागितलं नाही. फक्त जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. राहा."

तरी पहिले आठ दिवस मी बॅग उघडली नाही. कारण त्यांच्या पुढच्या खोलीत, येशूच्या तसबिरीखाली, काचेच्या कपाटात वाकडी हत्यारं मांडलेली होती. प्रत्येकाला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या शाईनं गाव: सलाला, निझवा, सना. मला वाटलं, आधीचे भाडेकरू.

ते जंबिये. अरबांच्या कमरेला पुढून लावलेले असतात ते. सिस्टरांची सगळी नोकरी ओमानात, सलालाच्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात झाली. तिथं पेशंट आला की पलंगावर आडवं होण्याआधी कमरेचा जंबिया काढून सिस्टरांच्या हातात द्यायचा. घरी जाताना त्याचा त्यालाच परत मिळायला हवा. अदलाबदल झाली तर माणूस ऑपरेशन विसरेल, पण हे विसरणार नाही. सगळे दिसायला सारखेच. नगरची पोरगी, भाषेचा पत्ता नाही. म्हणून त्या मुठी, म्यानाची वळणं आणि चांदीच्या कड्या बघून ओळखायला शिकल्या. पुढं पुढं जंबिया बघून पेशंट कुठल्या गावचा हेही सांगायला लागल्या. कपाटातले त्यांनी पगारातून तिथल्या बाजारात घेतलेले.

"ओमानी म्यान कंबरेत काटकोनात मोडतं. वाकून झाडू मारणारी बाई," त्या मला शिकवायच्या. "येमेनी म्यानाचं टोक वर वळतं. शेपटी वर केलेलं मांजर. सांग, हे कोण?"

"बाई," मी म्हणायचो.

"मांजर आहे. गजानन, तू भट्टीवरच ठीक."

गजू म्हटलेलं त्यांना चालत नाही. पेशंटचं नाव अर्धं घेऊ नये म्हणतात.

आपल्याकडे जुन्या घरांत वाकडी पाती सापडतात, कारण पूर्वी इकडच्या फौजांत अरब शिपाई असायचे. त्यातलंच एखादं लग्नात बाहेर निघतं. म्हणून सिस्टरांना लग्नं लागतात आणि त्यांचा गुडघा धरलेला असल्यानं स्कूटर चालवायला मी लागतो. निदान करायला त्यांना नाडी बघण्याइतका वेळ पुरतो आणि निदान त्या लपवत नाहीत. बुऱ्हाणनगरच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा सांगत होता की ही त्याच्या पणजोबानं अरब जमादाराशी झुंजून मिळवलेली आहे. सिस्टरांनी ती उलटी केली, मुठीवर नख वाजवलं. "पणजोबा मुंबईला गेले होते का?"

"का?"

"शोपीसच्या दुकानातली आहे. कड्या डिंकानं चिकटवल्यात."

"तुमाला बोलावलं कुनी?" मामा म्हणाला.

"कट्यारीनं."

आम्ही न जेवता निघालो. बुंदीचा वास फाटकापर्यंत आला. अशी चार-दोन लग्नं झाल्यावर आम्हाला लांबूनच ओळखायला लागले. "ती लिंबूवाली बाई आली" म्हणायचे आणि कट्यारीवर उपरणं टाकायचे.

बुऱ्हाणनगरच्या त्याच लग्नात फाटकाशी एक म्हातारी मागून चालत आली होती. करंजीजवळच्या वस्तीवर एकटी राहते, नाव सखूआक्का. "बाई, आमच्या घरी बी एक वाकडी हाय. मालकाच्या आज्याची. ल्योक पुन्याला असतो. त्यो म्हंतो खरी असली तर न्हेतो, खोटी असली तर ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. येऊन बघता का?"

रविवारी गेलो. भर दुपार, अंगणात डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन. भिंतीवरच्या खिळ्याचा जंबिया आक्कांनी काढून दिला. सिस्टरांचा अंगठा मुठीवर आला आणि थांबला. मी एवढं ओळखायला शिकलो होतो, त्यांना कळलं होतं.

"उजेड कमी आहे," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी म्हणाल्या, तेल लावलंय, मुरू दे. त्यापुढच्या रविवारी चष्मा घरी राहिला. तो डोक्यावर होता, पण आक्काही काही बोलल्या नाहीत. त्यांनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. दोघी ओट्यावर बसून लसूण सोलत बोलत होत्या आणि जंबिया मधे फडक्यात पडलेला होता.

"तिकडं तुमाला कोन हुतं वो?" आक्कांनी विचारलं.

"वॉर्ड होता."

"आन् हिकडं?"

सिस्टरांनी लसणाचं टरफल बोटानं उडवलं. "इकडं कपाट आहे."

घरी त्या माझ्याशी इतकी वर्षं बोलतात, पण असं कधी बोलल्या नव्हत्या. मीही कधी विचारलं नव्हतं. मला नेहमी भीती, जास्त विचारलं तर खोली जाईल.

मग आक्कांच्या मुलाचा फोन आला. सभ्य माणूस. म्हणाला, "मावशी, मी रविवारी येतोय, तेव्हा काय ते सांगून टाका."

त्या रविवारी वाटेत मी स्कूटरवर म्हणालो, "सिस्टर, खोटी म्हणा ना. त्यांच्याकडे राहील. आपलंही जाणं राहील."

त्या मागून म्हणाल्या, "खऱ्याला खोटं म्हटलं असतं तर मला वॉर्डात दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं कुणी. समोर बघून चालव."

त्यांनी खरं सांगितलं. येमेनातल्या हद्रमौतचा आहे, मूठ शिंगाची, पातं अस्सल, लिंबू लावू नका. मुलानं पाया पडून तो टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवला. आक्का खिळ्याकडे बघत होत्या. सिस्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, पण नाडी बघितल्यासारखा, कारण त्यांना तसाच ठेवता येतो.

पुढच्या रविवारी सिस्टर नऊ वाजताच साडी बदलून, पर्स घेऊन पुढच्या खोलीत बसल्या. कुठं जायचंय ते बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. अकराला त्यांनी पर्स कपाटावर ठेवली आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. मी भट्टीचे कपडे धूत बसलो. गावाकडून सणाला फोन येत नाही तेव्हा घरात जसं होतं, तसं त्या घरात झालं होतं.

बाराच्या सुमारास माझा मोबाईल वाजला. आक्का होत्या. "गजाननराव, बाईंना म्हनावं आजून एक घावलंय माळ्यावर. लई जुनं दिसतंय. घिऊन या."

आम्ही पोचलो तेव्हा आक्कांनी धुतलेल्या फडक्यात बांधलेली वस्तू सिस्टरांच्या मांडीवर ठेवली. सिस्टरांनी गाठ सोडली.

आत विळा होता. कापणीचा साधा विळा, मुठीला तार गुंडाळलेली. आमच्याकडे धान कापायला असाच असतो. मी हातात धरून मोठा झालोय. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"ह्यो बी वाकडाच हाय," आक्का म्हणाल्या. पदर तोंडाला लावून त्या दुसरीकडे बघत होत्या. "कुठला म्हनायचा?"

सिस्टरांनी चष्मा लावला. पात्यावरून अंगठा फिरवला, लोखंड नाकाशी नेलं, मूठ उन्हाकडे धरली. वॉर्डात एखाद्याला पहिल्यांदाच तपासावं तसं सावकाश, दोन्ही बाजूंनी.

"इतक्यात सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मंग बसा की. घाई हाय का?"

सिस्टरांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गजानन, स्कूटर सावलीत लाव."